अर्धा शेला आणि दोन बिऱ्हाडांचं यंत्र

एकदा एका विणकरांच्या गावात एक वृद्ध गुरू राहत असत. गुरू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लगेच झाडाखालचा पार आणि पांढरीशुभ्र दाढी उभी राहते. यांच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. पेचकसांचं एक खोकं, खांद्यावर एक उपरणं आणि कुठेही डोळा लागण्याची सवय, एवढीच त्यांची सामग्री होती. गावातले बिघडलेले संगणक ते दुरुस्त करीत आणि दुरुस्त करता करता जे सुचे ते आपल्या एकुलत्या एका शिष्येला सांगत. शिष्या शहरात शिकून आली होती. यंत्रातलं तिला गुरूंपेक्षा अधिक कळे, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्याचं वैषम्य कुणालाच नव्हतं. मग ती त्यांच्याकडे शिकत होती तरी काय, असं गावातले लोक विचारीत. ती नुसती हसे.

गाव नदीच्या वळणावर वसलेलं होतं. दुपार कलली की घराघरांतून मागांचा आवाज येई, एका लयीत, न थकता. उन्हाच्या तिरिपेत सुताचे बारीक तंतू तरंगत राहत. नव्या माणसाला त्या आवाजात गुंगी येई आणि आपण जागे आहोत की स्वप्नात, हे क्षणभर कळेनासं होई. शिष्येला येऊन बरेच दिवस झाले होते, तरी तिचं हे व्हायचंच. चालता चालता ती मध्येच थांबे, आणि कशासाठी निघालो होतो ते विसरून जाई.

या गावात दोन जावांचं एक घर होतं. थोरली शेल्यांची नक्षी काढी आणि धाकटी, कुमुद, तो शेला विणी. पूर्वी नक्षी कागदावर उतरत असे. आता ती संगणकावर काढावी लागे आणि संगणकच मागाला हुकूम देई. अडचण अशी होती, की थोरलीचा नक्षीचा प्रोग्राम एका ऑपरेटिंग सिस्टीमवर चाले आणि कुमुदचा मागाचा प्रोग्राम दुसरीवर. संगणक घरात एकच होता. तेव्हा कुणा जाणत्याने त्याच्या पोटात दोन स्वतंत्र बिऱ्हाडं थाटून दिली. यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटत. कुठल्या बिऱ्हाडात जायचं ते बटणाने निवडायचं. काही क्षणांत कुणी काही निवडलं नाही, तर यंत्र आपलं आपण कुमुदच्या बिऱ्हाडात शिरे, कारण माग दिवसभर चालायचा असे.

ही व्यवस्था झाली तेव्हा दोघी जावांचं गूळपीठ होतं. पुढे एका समारंभात त्यांच्या शेल्याचं फार कौतुक झालं. सगळे नक्षीबद्दल बोलले, विणीबद्दल कुणीच बोललं नाही. थोरली ऐकत राहिली, आणि 'विणलाय माझ्या जावेनं' एवढे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. कुमुदने काही म्हटलं नाही. तिने बोलणंच बंद केलं. थोरलीलाही मग आपण होऊन बोलण्यात कमीपणा वाटू लागला. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, सूत आणायच्या निमित्ताने वरचेवर बाहेरगावी जाऊ लागले. संसारी पुरुषाला अशा वेळी जितकं शहाणपण सुचतं तितकं त्यांनाही सुचलं.

अबोला धरला तरी काम थांबलं नाही. थोरली आपली नक्षी पेनड्राइव्हमध्ये घालून खिडकीत ठेवी. कुमुद ती तिथून उचली. नक्षीही थोरली एकदम देत नसे. एवढं विणून झालं की पुढचा तुकडा, असा तिचा खाक्या होता. आपल्या बिऱ्हाडाला तर तिने असं कुलूप घालून घेतलं, की दुसऱ्या बाजूने कुणी डोकावू म्हटलं तरी एक अक्षर वाचता येऊ नये. कुमुदही काही कमी मानी नव्हती. एकमेकींच्या बिऱ्हाडात पाऊल टाकायचं नाही, हे दोघींनी न बोलता ठरवून टाकलं आणि कसोशीने पाळलं. चुकून दुसरीचा पडदा समोर उघडला, तर बघणंसुद्धा नको म्हणून तिथल्या तिथे भिंतीवरचं बटण बंद करायचं, अशी दोघींची रीत पडली. त्यांना त्यात स्वाभिमान वाटे आणि थोडी सभ्यताही वाटे.

अशात थोरलीच्या लेकीचं, केतकीचं, लग्न ठरलं. तिच्या अंगावर जो शेला पडायचा तो घरचाच हवा, याबद्दल घरात कुणाचंही दुमत नव्हतं. थोरलीने आयुष्यात काढली नसेल अशी नक्षी काढायला घेतली आणि कुमुदने आयुष्यात विणला नसेल असा शेला विणायला. एक अक्षरही न बोलता दोघींनी तो निम्म्यावर आणला. आणि मग एके दिवशी थोरलीच्या बिऱ्हाडाने अपडेट मागितलं. तिने होकार दिला, आणि तिथून सगळं अडलं.

यंत्र बंद होऊन सुरू झालं की थोरलीच्या बाजूला अक्षरं येत, 'अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही. बदल मागे घेत आहोत.' ठिपक्यांचं एक वर्तुळ फिरत राही, यंत्र पुन्हा बंद होई, पुन्हा सुरू होई, आणि थोरलीला आपल्या नक्षीपर्यंत काही पोचता येत नसे. शेल्याची उरलेली सगळी नक्षी आत होती. लग्न दारात येऊन ठेपलं होतं. थोरलीला वाटे, कुमुदने मुद्दाम काहीतरी केलं. कुमुदला वाटे, आता याचं खापरही आपल्याच माथी फुटणार.

शिष्या सकाळी एकटीच ते यंत्र पाहायला गेली. तिने दोन्ही बाजू तपासल्या, कुलूप पाहिलं, आणि शेवटी हात झटकून म्हणाली, "थोरल्या बाई, तुमची बाजू पुसून काढून नव्याने घालावी लागेल. दुसरा उपाय मला दिसत नाही."

"आणि नक्षी?"

"ती जाईल."

"पुन्हा काढेन," थोरली म्हणाली, "पण तीच यायची नाही गं. हात तोच असला तरी तो दिवस कुठून आणू?"

कुमुद पलीकडच्या खोलीत मागापाशी उभी होती. ती मागाकडेच बघत, पण सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अर्ध्या शेल्याला भलताच जोड लावून माझी केतकी बोहल्यावर उभी राहायची नाही. सांगून ठेवते."

शिष्येने दोघींकडे पाहिलं. मागावर तो अर्धा शेला ताणलेला होता. डाळिंबी रंगावर वेलींची वळणं एकमेकींत शिरत शिरत पुढे गेली होती आणि एका रेघेपाशी एकाएकी थांबली होती. त्यापुढे नुसता ताणा होता, कोरे उभे धागे. त्या रेघेकडे पाहता पाहता तिला वाटलं, की आपण एखादं स्वप्न पाहत होतो आणि कुणीतरी हलवून जागं केलं. पुसून टाकायला तिचा हात धजेना. "संध्याकाळपर्यंत काही करू नका," असं सांगून ती गुरूंना घेऊन यायला निघाली.

गुरू आले ते दुपारी जेवून, उपरणं सावरीत. त्यांनी यंत्राला हात लावला नाही. एक पाट मागितला, भिंतीला टेकून बसले आणि विचारलं, "हे आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू होतं, तेव्हा इथे कोण असतं?"

"मी असते ना!" थोरली म्हणाली. "समोरच बसलेली असते."

"आणि मग?"

"मग काय, हिचं बिऱ्हाड उघडतं. मी बटण बंद करते. आपल्याला काय करायचंय दुसऱ्याच्या घरात?"

"आणि तुम्ही, कुमुदताई?"

"मला माग चालवायचा असतो. मी यंत्रापाशी येते, तर यांच्या बाजूचं ते वर्तुळ फिरत बसलेलं असतं. मी कशाला बघू? मीही बटण बंद करते."

हे ऐकताच शिष्येच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण सकाळपासून यंत्राच्या आत शोधत होतो, याची तिला लाजच वाटली. "गुरुजी, सापडलं!" ती म्हणाली. "अपडेट एका दमात होत नाही. थोडं काम करून यंत्र स्वतःच बंद होतं आणि पुन्हा जागं होऊन उरलेलं करतं, असं कितीदा तरी. पण जागं होताना कुणी काही निवडलं नाही, तर ते कुमुदताईंकडे जातं. थोरल्या बाईंचं काम तिकडे अर्धवट पडलेलं राहतं. वर या दोघी भर कामात वीज तोडतात. मग यंत्र घाबरून केलेलं सगळं मागे घेतं."

"म्हणजे झोपतं एका घरी आणि जागं होतं दुसऱ्या घरी," गुरू म्हणाले.

"हो. आणि उपाय अगदी सोपा आहे. आपोआप कुठे जायचं तो क्रम मी बदलते. थोरल्या बाईंचं घर आधी लावते. चुटकीसरशी होईल."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. गुरूंनी त्यावर आपला हात ठेवला. "नको," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. ते म्हणाले, "कुमुदताई, तुम्ही या यंत्रासमोर बसा. ते दर वेळी जागं होईल आणि दोन ओळी दाखवेल, तेव्हा थोरल्या बाईंची ओळ निवडून द्यायची. काम पुरं होईपर्यंत उठायचं नाही. थोरल्या बाई, तुम्ही आत मागापाशी जा. इतके दिवस माग गप्प आहे, ताण्यातले धागे तुटलेत. तेवढे सांधून ठेवा."

"माझ्या घराची किल्ली हिच्या हातात देऊ?" थोरलीचा आवाज चढला.

"किल्ली तुमच्याकडेच राहील. यांनी नुसतं दार धरायचंय."

"आणि माझ्या मागाला या हात लावणार?" कुमुद म्हणाली. "सूत हातात धरून किती वर्षं झाली असतील यांना!"

"केतकीचं लग्न आहे," गुरू म्हणाले, आणि उपरणं अंथरून चक्क आडवे झाले. पुढच्याच क्षणी त्यांचा श्वास संथ झाला. भांडण दोघींच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण झोपलेल्या म्हाताऱ्याशी कुणी भांडायचं! दोघी निमूट आपापल्या जागी गेल्या.

शिष्या कुमुदच्या शेजारी बसली. तिला गुरूंचा थोडा रागच आला होता. चुटकीचं काम, आणि त्याचा हा एवढा पसारा कशासाठी? पण हळूहळू तो राग तिच्या हातून निसटत गेला. खोलीत उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि तो भिंतीवरून इतक्या सावकाश सरकत होता की सरकताना दिसत नव्हता. पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर ठिपके फिरत होते. 'अपडेटवर काम सुरू आहे. संगणक बंद करू नका.' खाली आकडा वाढे, थबके, पुन्हा वाढे. गावभर माग चालले होते. शिष्येला डुलकी लागली, आणि त्या डुलकीत तिला दिसलं, की ती एका लांब माजघरात उभी आहे, दोन्ही टोकांना एकेक दार आहे, आणि माजघरातून कुणीतरी डोळे मिटून चालतंय. त्याला कुठल्या दाराशी न्यायचं ते तिला ठाऊक आहे, पण पाय उचलत नाही.

ती दचकून जागी झाली. यंत्र नुकतंच बंद होऊन सुरू झालं होतं. काळ्या पडद्यावर दोन ओळी होत्या. कुमुदचं बोट पुढे झालं, क्षणभर अडखळलं, आणि तिने थोरलीची ओळ निवडली. पुन्हा ठिपके फिरू लागले.

असं होत राहिलं. एकदा मात्र कुमुदचाही डोळा लागला. दोन ओळी आल्या आणि कुणी काही निवडण्यापूर्वीच गेल्या. तिचं स्वतःचं बिऱ्हाड उघडलं, मागाच्या प्रोग्रामसकट. "अगं बाई!" म्हणत तिचा हात थेट भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"बटण नको," गुरू डोळे न उघडता म्हणाले. "आपल्याच घरी आलात ना? घाबरायचं काय त्यात? घोटभर पाणी प्या. मग नेहमीसारखं नीट बंद करा, आणि परत निघा."

कुमुदने तसंच केलं. काहीही बिघडलं नाही. चुकीच्या घरी जाग येण्याने आजवर काहीच बिघडलं नव्हतं, धसका घेऊन वीज तोडण्याने बिघडलं होतं, हे शिष्येच्या तेव्हा ध्यानात आलं.

पलीकडच्या खोलीत थोरली मागाशी बसली होती. शिष्येला ती दारातून दिसत होती. सुरुवातीला तिची बोटं धागा पकडेनात, गाठ बसेना. मग हळूहळू हाताला जुनं वळण आठवलं. धागे सांधता सांधता ती वाकली आणि तिने शेल्याची उलटी बाजू पाहिली. विणीची खरी परीक्षा उलट्या बाजूला होते. तिच्या नक्षीत एके ठिकाणी वेल लांबवर पसरली होती. तिथे मागच्या अंगाला धागे लोंबते राहिले असते, बांगडीत अडकून ओढले जातील असे. नक्षी काढताना हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. कुमुदने तिथे एकेक धागा मधूनमधून असा अडकवून घेतला होता, की सुलट बाजूला त्याचा मागमूस नव्हता. बोलली नव्हती, ऐकवलं नव्हतं, चूक दाखवली नव्हती. थोरली त्या जागेवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसून राहिली.

दिवस कलला. आणि मग तो आकडा थांबला. अगदी शेवटाला येऊन थांबला आणि हलेचना. ठिपकेसुद्धा फिरायचे राहिले. पुन्हा तेच होणार, सगळं मागे जाणार, आणि या खेपेला बहुधा काहीच हाती लागणार नाही, असं शिष्येला वाटलं. तिने गुरूंकडे पाहिलं. ते शांत झोपले होते.

थोरली पाणी प्यायला म्हणून बाहेर आली आणि पडद्याकडे पाहून जागच्या जागी थिजली. "थांबलं! अडकलं गं पुन्हा!" ती म्हणाली. "बंद करा, आधी बंद करा ते! माझी नक्षी गिळणार हे यंत्र!" ती भिंतीकडे झेपावली.

कुमुद उठली आणि तिने थोरलीचं मनगट धरलं.

"अक्का, थांबा," ती म्हणाली. "चाललंय ते. मघापासून बघतेय मी. मध्येमध्ये असंच थांबतं आणि मग पुढे जातं. तुम्ही हात लावू नका."

कित्येक महिन्यांनी ती जावेशी बोलली होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कुमुदच्या स्वतःच्याही नाही. थोरलीने हात सोडवून घेतला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकीचं मनगट दुसरीच्या हातात, दोघींचे डोळे त्या न हलणाऱ्या आकड्यावर. बाहेर एकेका घरचा माग थांबत होता आणि गाव शांत होत चाललं होतं.

आणि आकडा हलला.

यंत्र शेवटचं बंद झालं, सुरू झालं. दोन ओळी आल्या. कुमुदने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने मान हलवली, आणि कुमुदने ओळ निवडली. या खेपेला वर्तुळ आलं नाही. थोरलीचं बिऱ्हाड सताड उघडलं. तिने पुढे होऊन आपलं कुलूप काढलं आणि नक्षी उघडली. ती होती, सगळी होती. वेली त्या रेघेच्या पलीकडे निघाल्या होत्या, शेवटच्या पदरापर्यंत.

कुमुदने ती आजवर तुकड्यातुकड्यानेच पाहिली होती. सबंध नक्षी ती प्रथमच पाहत होती. "अक्का," ती हळूच म्हणाली, "हे असं होतं होय सगळं? आधी ठाऊक असतं तर मी विणताना..."

थोरलीने सबंध नक्षी पेनड्राइव्हमध्ये घातली. या वेळी ती खिडकीपर्यंत गेली नाही. पेनड्राइव्ह तिने कुमुदच्या हातात दिला आणि म्हणाली, "मागची बाजू पाहिली मी आज. त्या दिवशी तिथे सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं मी. चुकलं माझं."

गुरू डोळे चोळत उठले, आणि चहा मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

परतताना शिष्या गुरूंबरोबर नदीकाठच्या वाटेने चालली होती. पाण्यावर सांजेचा रंग होता. शेवटी न राहवून तिने विचारलं, "गुरुजी, मी क्रम बदलला असता, तरी अपडेट झालंच असतं ना?"

"झालंच असतं. कदाचित लवकर झालं असतं."

"मग?"

गुरू थांबले. म्हणाले, "पोरी, उद्या कुमुदताईंच्या बाजूचं अपडेट येईल. तू थोरल्या बाईंचं घर आधी लावलं असतंस, तर ते यंत्र अर्धवट काम घेऊन थोरल्या बाईंच्या घरात जागं झालं असतं, आणि त्यांनी बटण बंद केलं असतं. एका घरात दोन बिऱ्हाडं असली, की कुणातरी एकाचं दार आधी येणारच. कुठल्याही क्रमाने दोघांचं भागत नाही. ज्याचं काम अर्ध्यावर आहे त्याच्यासाठी दुसऱ्याने दाराशी बसावं लागतं. दोघी वाईट नव्हत्या. एकमेकींच्या घरात डोकवायचं नाही, हे त्यांनी फार चोख पाळलं. पण दुसऱ्याच्या घरात न डोकावणं वेगळं आणि त्याचा दिवा मालवून निघून जाणं वेगळं. त्यांचा तेवढाच घोटाळा झाला होता. तो यंत्रात बसून मला कसा काढता आला असता?"

शिष्येने मान डोलावली. तिला पटलं होतं, पण पुरतं पटलं नव्हतं. तिच्या मनात एक शंका राहिली होती. गुरुजी समोर होते म्हणून दोघी बसल्या. उद्या कोण बसवणार? शेला अजून पुरा व्हायचा होता. मनातल्या मनात तिने ठरवून टाकलं, की एकदा हळूच जाऊन काही तरी सोय करून यायची, दोघींनाही न विचारता चालेल अशी.

तशी ती काही दिवसांनी दुपारची त्या घराकडे निघाली. गल्लीत शिरली आणि तिने कान टवकारले. सगळ्या घरांचे माग चालू होते, आणि त्या एका घराचा बंद होता. लग्न तोंडावर असताना माग बंद! पुन्हा काहीतरी बिनसलं, पुन्हा अबोला, पुन्हा तो शेला अर्धाच, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. ती जवळजवळ धावतच खिडकीपाशी पोचली, आणि थबकली.

आत यंत्रासमोर थोरली बसली होती, चष्मा लावून, पदर खोचून, पाठ ताठ. पडद्यावर कुमुदच्या बिऱ्हाडाचं अपडेट चाललं होतं. शिष्या पाहत असतानाच यंत्र बंद झालं, जागं झालं, काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. आपोआप ते कुमुदकडेच गेलं असतं, तरी थोरलीने बोट पुढे केलं, कुमुदची ओळ निवडली, आणि मगच श्वास सोडला. बटण तिच्या हाताच्या अंतरावर होतं. तिने तिकडे पाहिलंही नाही.

पलीकडे मागावर शेला पदरापर्यंत आला होता. थोडंसंच विणायचं राहिलं होतं, आणि ते विणणारा प्रोग्राम त्या अपडेटच्या पोटात अडकलेला होता. ते फसलं असतं, तर केतकीचा शेला त्या चार बोटांसाठी अडला असता. आणि कुमुद? कुमुद मागाजवळच्या चटईवर, उशाला हात घेऊन, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती.

शिष्या खिडकीत उभी राहून ती झोप पाहत राहिली. आपण जी सोय करायला आलो होतो ती यापेक्षा चांगली झाली नसती, हे तिला कळलं. तिने दार वाजवलं नाही. आपलं अर्धं राहिलेलं काम ज्याच्यासमोर तसंच उघडं टाकून निर्धास्त झोपता येतं, असं एखादं माणूस आपल्याला आहे का, आणि आपण कुणाला तसे आहोत का, एवढाच विचार मनाशी घोळवीत ती पावलांचा आवाज होऊ न देता परत फिरली.